गाडीत वायरलेस नव्हता

उस्तादांबरोबर युद्धाचा सिनेमा बघायला घरातलं कुणी बसत नसे. नायक छातीत गोळी लागून शेवटचे श्वास मोजत असायचा, सगळ्यांचे डोळे भरून आलेले असायचे, आणि हे खुर्चीतून म्हणायचे, "हे बूट त्या सालचे नाहीत." बायको होती तोवर ती त्यांना पाणी आणायच्या निमित्तानं आत पिटाळायची आणि तेवढी पाच मिनिटं सुखानं रडून घ्यायची. ती गेल्यावर ते एकटेच बघत आणि एकटेच बोलत.

बत्तीस वर्षं त्यांनी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये गाड्या दुरुस्त केल्या होत्या. डोळे मिटून हातात नट दिला तरी कुठल्या गाडीच्या कुठल्या चाकाचा ते सांगतील, अशी त्यांची ख्याती. 'उस्ताद' हे नाव तिथलंच. खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं होतं. पडद्यावर चूक दिसली की त्यांना दातात काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं. काढून टाकल्याशिवाय चैन पडत नसे.

त्यामुळे एक दिवस सिनेमाचा दिग्दर्शक स्वतः जिना चढून त्यांच्या दारात उभा राहिला तेव्हा उस्तादांना वाटलं, इतकी वर्षं खुर्चीत बसून जे बडबडलो ते कुणीतरी ऐकलं म्हणायचं. दिग्दर्शक पंचेचाळिशीचा, मृदू आवाजाचा, समोरच्याच्या डोळ्यांत बघून ऐकणारा माणूस होता. एक्केचाळीस वर्षांपूर्वीच्या पुलाच्या लढाईवर तो सिनेमा करत होता. त्याला सल्लागार हवा होता. सगळं जसंच्या तसं दाखवायचंय, तो म्हणाला. शस्त्रं, गाड्या, कपड्यांची बटणंसुद्धा. उस्तादांनी त्याला दोनदा चहा पाजला.

निघता निघता दिग्दर्शकानं विचारलं की पुस्तकांत न आलेलं असं काही त्यांना आठवतं का. आणि उस्तादांनी, कुणी विचारलं नसतं तर जे कधी बोलले नसते ते, सांगून टाकलं. भावोजींची गोष्ट.

भावोजी म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचे नवरे. लढाईच्या दिवशी ते जखमींची गाडी चालवत होते. नदीपलीकडे आपली तुकडी अडकलेली, पूल एकच आणि जखमींना आणायला गाडीही एकच. सकाळपासून पाच खेपा झाल्या. सहाव्या खेपेला नऊ जखमी घेऊन ते निघाले ते थेट बारा मैलांवरच्या इस्पितळाकडे, कारण हुकूमच तसा होता. ते गेल्यावर अर्ध्या तासात हुकूम बदलला. गाडी परत फिरवा, पलीकडे राहिलेले अकरा जण आणा, पूल उडवायचा आहे. दोनच दिवसांपूर्वी बदलून आलेल्या एका अधिकाऱ्यानं हा हुकूम वायरलेसवर सोडला. त्याला वाटलं, सगळ्याच गाड्यांत वायरलेस असतो. भावोजींच्या गाडीत नव्हता. त्या जातीच्या गाड्यांना वायरलेस बसला तो चार वर्षांनंतर. जखमींना उतरवून भावोजी कुणी न सांगता आपणहून माघारी आले, तेव्हा पूल नदीत पडलेला होता. ते दिवस मावळेपर्यंत काठावर उभे होते. अकरांपैकी एकही जण घरी परतला नाही.

पुढे चौकशी झाली. तीन अधिकारी टेबलामागे बसले. त्या गाडीची देखभाल ज्याच्याकडे होती त्या एकवीस वर्षांच्या पोरसवदा मेकॅनिकला, म्हणजे उस्तादांनाच, आत बोलावलं गेलं, आणि त्यानं ताठ उभं राहून सांगितलं, "गाडीत वायरलेस नव्हता, साहेब." तेवढ्या शब्दांवर भावोजी सुटले. गल्लीत मात्र पुढची काही वर्षं कुजबुज चालली. दुकानात गेलं की बोलणं थांबायचं. ताईनं ते सगळं मान वर ठेवून सोसलं. मग लोक विसरले, नवे शेजारी आले आणि विषय जमिनीत गाडला गेला.

दिग्दर्शकानं हे सगळं ऐकलं. जाताना त्यानं उस्तादांचा हात दोन्ही हातांत धरला.

शूटिंग गावाबाहेरच्या बंद पडलेल्या सिमेंट कारखान्यात होतं. उस्ताद रोज सकाळी सातला तिथे हजर. खिशात लाल पुठ्ठ्याची वही. पहिल्याच दिवशी तिची अकरा पानं भरली. सैनिकांच्या हातात दिलेल्या रायफली लढाईनंतर सहा वर्षांनी आलेल्या. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली हवा, तो मागं. पेट्रोलचे डबे शत्रूच्या बनावटीचे. आणि रणगाडा पाहून तर त्यांनी कपाळाला हात लावला. नव्या जातीच्या रणगाड्याला चारी बाजूंनी प्लायवूड ठोकून जुन्याचं सोंग दिलं होतं. वारा आला की पोलादाची बाजू फडफडायची.

वहीची रोजची नक्कल ते दिग्दर्शकाच्या सहायिकेकडे देत. ही चटपटीत, हसतमुख मुलगी सगळ्या सेटचा भार एकटी वाहत असावी असं वाटायचं. ती प्रत्येक मुद्दा मन लावून ऐकायची, टिपून घ्यायची आणि म्हणायची, "बरं झालं सांगितलंत." दुसऱ्या दिवशी रायफली त्याच असायच्या. त्या जुन्या रायफली आता मिळत नाहीत. मिळाल्या तर चार, लागतात दोनशे. पट्टा मागं घेतला की नटाचा चेहरा दिसतो. प्रत्येक गोष्टीला कारण होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. उस्ताद तास तास वाद घालायचे. रायफलीच्या पट्ट्याच्या बकलावरून तर त्यांनी एकदा अख्खी सकाळ खाल्ली. सेटवरचे लोक त्यांना मागून 'नटबोल्टसाहेब' म्हणू लागले. त्यांना ते कळलं आणि त्यांना ते आवडलंही. एवढा मोठा डोलारा, त्यात आपलं म्हणून एक नाव पडलं.

एका बाबतीत मात्र दिग्दर्शकानं त्यांचं शब्दाला शब्द ऐकलं. जखमींची गाडी तशीच हवी, तीच हवी, असं त्यानं स्वतः सांगितलं. तीन भंगारवाले पालथे घातल्यावर चौथ्याकडे तिचा सांगाडा सापडला. झुडपं पार बॉनेटमधून वर आली होती. उस्तादांनी सात आठवडे त्या गाडीवर घालवले. इंजिन उघडलं, पिस्टन नवे करून घेतले, डाव्या चाकांना उलट्या आट्यांचे नट होते तसेच शोधून बसवले, कारण त्या गाडीला ते तसेच यायचे. डॅशबोर्डवरचे चार काटे लिंबाच्या रसानं घासून चकचकीत केले. गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा इंजिनाचा तो जरासा अडखळत चालणारा आवाज ऐकून ते तिथंच मडगार्डवर बसून राहिले.

त्या रविवारी ते ताईकडे गेले. भावोजींना आताशा थोडी भूल पडायला लागली होती. सकाळचं संध्याकाळी आठवत नसे, पण जुनं सगळं जिथल्या तिथं होतं. उस्तादांनी सांगितलं की तुमची गाडी परत रस्त्यावर आली. भावोजींनी विचारलं, "दुसरा गिअर अजून हट्टीपणा करतो?" करतो, उस्ताद म्हणाले. भावोजी इतके हसले की ताई हात पुसत बाहेर आली. कित्येक दिवसांत असे हसले नव्हते, ती म्हणाली. सिनेमात तुमचं खरं काय झालं ते येणार, उस्तादांनी सांगितलं. आता सगळ्या जगाला कळेल. ताईनं भावाच्या पाठीवर हात ठेवला.

पुढच्या बुधवारी त्या गाडीचं शूटिंग होतं. उस्ताद जरा लवकरच गेले. गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरची हवा बघितली आणि केबिनचं दार उघडलं. डॅशबोर्डच्या खाली, उजव्या बाजूला, वायरलेसचा संच बसवला होता. काळा डबा, दोन बटणं, हिरवा दिवा, गुंडाळीच्या वायरला लटकणारा रिसीव्हर. चार नव्या स्क्रूंनी पक्का केला होता.

त्यांनी सहायिकेला विचारलं. ती म्हणाली, कला विभागानं कालच बसवला. "छान झालाय ना? दिवासुद्धा लागतो."

उस्ताद दिग्दर्शकाकडे गेले. तो खुर्चीत बसून कागद चाळत होता. उस्तादांनी शक्य तितक्या शांतपणे सांगितलं की या गाडीत वायरलेस नव्हता. दिग्दर्शकानं त्यांना बसायला खुर्ची मागवली आणि प्रसंग समजावून सांगितला. वायरलेसवर कमांडरचा आवाज येतो, परत फिर, अकरा जण मागे आहेत. चालक ऐकतो. आरशात मागच्या जखमींकडे बघतो. हात बटणाकडे जातो. तो संच बंद करतो आणि गाडी पुढे हाकतो. नंतर पश्चात्तापानं परत येतो, तेव्हा पूल गेलेला असतो.



"पण त्यांना माहीतच नव्हतं," उस्ताद म्हणाले. "मी तुम्हाला सांगितलं होतं. सगळी गोष्ट तीच आहे. त्यांना माहीत नव्हतं."

"मला आठवतंय, उस्ताद. पण ज्याला काही माहीतच नाही त्याच्या चेहऱ्यावर मी काय दाखवू? प्रेक्षकाला त्याची तडफड दिसली पाहिजे. तो वाईट माणूस नाहीये. लोक त्याच्यासाठी रडतील."

"तो पळून गेला असं म्हणतील."

"चालकाचं नाव वेगळं आहे. तो कुणी एक माणूस नाही, चार-पाच जणांचा मिळून केलेला आहे."

"गाडी एकच होती," उस्ताद म्हणाले. "चालवणारे एकच होते. आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तो डबा काढा साहेब. बाकी काही बदलू नका. रायफली तशाच राहू द्या, रणगाडा राहू द्या, मी एक शब्द बोलणार नाही. तेवढा डबा काढा."

दिग्दर्शकानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याच्या डोळ्यांत खरोखरच कणव होती, आणि हेच उस्तादांना नंतर जास्त आठवत राहिलं. तो म्हणाला, "उस्ताद, तुम्ही बकलासाठीही माझ्याशी सकाळभर भांडलात. तेव्हाही म्हणाला होतात, याच्याशिवाय सगळं खोटं ठरेल."

 उस्ताद तसं म्हणाले होते खरे. बकलासाठी, बुटांसाठी, डब्यांसाठी, प्रत्येक वेळी त्याच आवाजात, त्याच शब्दांत. आता जिवावरची गोष्ट आली तेव्हा वापरायला वेगळे शब्दच शिल्लक नव्हते.

ते गाडीपाशी परत आले. आजूबाजूला सगळे आपापल्या कामात होते. त्यांनी बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, आतला बोटाएवढा रोटर उचलून खिशात टाकला आणि झाकण परत लावलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी चालू गाडी मुद्दाम कधी बंद पाडली नव्हती. 

कॅमेरे लागले. नट गाडीत बसला, चावी फिरवली. इंजिन नुसतं घरघरत राहिलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तेच. सहायिका धावत आली. उस्ताद म्हणाले, जुनी गाडी आहे, दोन दिवस लागतील. दोन दिवसांत काहीतरी करता येईल, असं त्यांच्या मनात होतं. कुणाला तरी भेटू, कागद दाखवू, हातापाया पडू. दिग्दर्शकानं घड्याळात पाहिलं. मग सैनिकांचे कपडे घातलेले चाळीस जण गाडीमागे लावले. ते ढकलू लागले आणि गाडी फॅक्टरीच्या उतारावरून सुरेख पळाली. केबिनमध्ये हिरवा दिवा लागला होता. त्याला वेगळी बॅटरी होती. आवाज नंतर भरता येतो, सहायिका त्यांना धीर देत म्हणाली. उस्तादांना वाईट वाटतंय हे तिला दिसत होतं. गाडी बंद पडल्याचंच वाईट वाटतंय असं तिला वाटलं.

चार वेळा ढकलून तो प्रसंग पुरा झाला. उस्तादांनी रोटर परत बसवून टाकला. खिशात ठेवून तरी काय करणार होते?

पुढच्या महिन्यांत त्यांनी तीन पत्रं लिहिली. पहिल्याला दिग्दर्शकाचं स्वतःच्या हातचं उत्तर आलं: तुमच्या भावनांचा मी आदर करतो, सिनेमाच्या सुरुवातीला 'सत्य घटनांवरून स्फुरलेली कथा' अशी पाटी टाकतो आहोत. दुसऱ्याला कंपनीच्या वकिलाचं उत्तर आलं, ते चार ओळींचं. तिसऱ्याला आलंच नाही. उस्तादांनी आपलं नाव तरी काढा म्हणून फोन केला. नावांची यादी केव्हाच छापून गेली होती.

आणि हे सगळं होत असताना ताईला सांगायचं त्यांच्याच्यानं झालं नाही. दर रविवारी ते मनाशी वाक्य जुळवून जायचे, आणि ताई दार उघडतानाच विचारायची, "कधी येतोय रे सिनेमा?" लवकरच, ते म्हणायचे. भावोजींना आठवडाभर ती तेच सांगत असायची. मग उस्ताद विचार करायचे, हे दोघं कुठले थिएटरात जातायत. दहा वर्षांत गेले नाहीत. येईल आणि जाईल, कुणाला पत्ता लागणार नाही.

ते दोघं पहिल्याच आठवड्यात गेले, दुपारच्या खेळाला. उस्तादांना न सांगता, कारण ताईला त्यांना चकित करायचं होतं. तिनं ठेवणीतले कपडे घातले आणि भावोजींचे बूट स्वतः पुसले.

त्या संध्याकाळी तिनं फोन केला. रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "तुझं नाव मोठ्या अक्षरांत होतं."

उस्ताद सांगू लागले, डब्याचं, पत्रांचं, रोटरचं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, मला आधी सांगितलं असतंस तर मी त्यांना घेऊन गेले नसते. एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

दोन दिवसांनी उस्ताद स्वतः तो सिनेमा पाहून आले. थिएटर भरलेलं होतं. गाडी पडद्यावर आली तेव्हा तिला भलत्याच कुठल्यातरी डिझेल इंजिनाचा आवाज दिला होता. ती पेट्रोलवर चालायची. पण त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. हात बटणाकडे गेला, दिवा विझला, आणि शेजारच्या बाईनं सुस्कारा सोडला. दिग्दर्शक म्हणाला होता तसंच झालं. लोक रडत होते.

गल्लीत मात्र कुणी रडलं नाही. ज्यांना काही माहीत नव्हतं त्या नव्या शेजाऱ्यांना दोघा-तिघा जुन्यांनी माहीत करून दिलं. दुकानात ताई गेली की बोलणं पुन्हा थांबू लागलं. एकानं तर भावोजींना रस्त्यात गाठून आपुलकीनं म्हटलं की आजोबा, तुमच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. त्या बिचाऱ्यानं मनापासून म्हटलं होतं.

भावोजी सिनेमाबद्दल दीड महिना काही बोलले नाहीत. मग एका रविवारी, उस्ताद समोर बसले असताना, त्यांनी विचारलं, "माझ्या गाडीत वायरलेस कुठल्या बाजूला होता रे?"

"नव्हता, भावोजी. वायरलेस नव्हता."

"उजव्या बाजूला," भावोजी म्हणाले. "गुडघ्याला लागायचा."

उस्तादांनी समजावून सांगितलं. ते सिनेमातलं आहे. सिनेमावाल्यांनी बसवला. तुमच्या गाडीत नव्हता, मी रोज ती गाडी तपासत होतो. भावोजींनी मान डोलावली. पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा विचारलं, आणि त्याच्या पुढच्या रविवारी विचारलं नाही, सांगितलं. आवाज आला होता, ते म्हणाले. परत फिर असं म्हणाला. मागे नऊ जण कण्हत होते, त्यातल्या एकाचा पाय नुसत्या कातड्यावर होता. मी बंद केला.

उस्तादांनी मग आयुष्यात पहिल्यांदा कागदांच्या मागे धावाधाव केली. चौकशीचा अहवाल मिळाला की तो भावोजींच्या हातात ठेवायचा, त्यांच्या डोळ्यांनी त्यांना वाचू द्यायचा, असा बेत होता. अभिलेख कार्यालयाच्या खिडकीवरचा कारकून भला होता. त्यानं दोन आठवडे शोधलं. शेवटी त्यानं रजिस्टरच फिरवून दाखवलं: तीस वर्षं पूर्ण झालेली किरकोळ प्रकरणं नष्ट करण्यात आली. त्यात तो क्रमांक होता. कारकुनानं आवाज खाली आणून विचारलं, सिनेमातले ते चालक तुमच्या नात्यातले का? उस्तादांनी होकारार्थी मान हलवली आणि ते तिथून निघाले.

मग त्यांनी गाडीचं जुनं माहितीपुस्तक मिळवलं. छापलेलं, सालासकट. त्यातला डॅशबोर्डचा नकाशा त्यांनी भावोजींसमोर मांडीवर पसरला. एक एक काटा बोटानं दाखवला. हा वेगाचा, हा तेलाचा, हा पाण्याच्या उष्णतेचा, हा पेट्रोलचा. बघा, याखाली काही नाही. भावोजी नकाशावर वाकले. त्यांचं बोट पेट्रोलच्या काट्यावरून हळूहळू खाली सरकलं आणि कोऱ्या कागदावर थांबलं.

"इथं," ते म्हणाले.

उस्तादांचा आवाज चढला. आयुष्यात ते भावोजींवर कधी ओरडले नव्हते. नव्हता, नव्हता, नव्हता, असं ते म्हणत राहिले, आणि भावोजी घाबरून खुर्चीत मागे मागे सरकले. ताई आतून आली. तिनं पुस्तक मिटलं, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि भावाला बाहेर यायची खूण केली.

व्हरांड्यात येऊन ती हळू आवाजात म्हणाली की असा वाद घालून गेलास की ते दोन दोन दिवस जेवत नाहीत. विसरायला लागलेत ते सगळं. माझं नाव कधी कधी चुकतं. हे एवढंच काय ते रोज आठवतं, आणि आठवलं की त्या अकरा जणांची नावं घेतात, एकही न चुकता. कोण कुठल्या गावचा, कुणाच्या घरी कोण. मला एक्केचाळीस वर्षांत त्यांनी ती सांगितली नव्हती.

उस्ताद कठड्याला टेकून उभे होते. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची चेन बसवत होतं आणि ती पुन्हा पुन्हा निसटत होती.

"एक विचारू?" ताई म्हणाली. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. "तू तेव्हा एकवीसचा होतास. माझा संसार वाचावा असं तुला वाटलं असणारच. तू साहेबांपुढे जे सांगितलंस..."

"ताई."

"खरंच नव्हता ना रे?"

बाकी कुणीही विचारलं असतं तरी चाललं असतं.   "नव्हता," उस्ताद म्हणाले. आपलाच आवाज त्यांना खोटं बोलणाऱ्या माणसासारखा ऐकू आला.

"मला माहीत आहे," ताई पटकन म्हणाली. "माहीतच आहे मला. पण मग ते एवढं खात्रीनं कसं सांगतात?"

याचं उत्तर त्यांना देता येण्यासारखं होतं. स्मरणशक्तीचं, म्हातारपणाचं, पडद्यावर पाहिलेल्याचं. डॉक्टरांनीही तेच सांगितलं असतं. पण तिला ते सगळं ठाऊक होतं आणि ठाऊक असूनही तिनं विचारलं होतं. ते खाली वाकून बूट घालू लागले. 

आतून भावोजींची हाक आली. मघाचं ओरडणं ते विसरून गेले होते. आवाज अगदी नेहमीसारखा, प्रेमाचा होता. मेहुणे आलेत आणि कुणी मला सांगितलंसुद्धा नाही, असं ते ताईला म्हणत होते. ये, बस इथं, तुला एक गोष्ट सांगायची आहे, कधी कुणाला सांगितली नाही.

ताईनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं. उस्तादांनी बूट परत काढले आणि ते आत जाऊन त्यांच्यासमोर बसले.